दोन हजार आरपीएमच्या खाली

पोर्टिंग केलेलं (हवेची आणि धुराची दारं कापून मोठी केलेलं) आणि मोठा टर्बो चढवलेलं रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं) चार हजारांच्या पुढे गेलं की त्याच्याबद्दल तक्रार उरत नाही. पिस्टनची ये-जा नाही, व्हॉल्व्हचा खडखडाट नाही. काटा लाल रेषेकडे सरकत राहतो आणि आवाज नुसता चढत जातो. पण हीच गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, अठराशे आरपीएमला, पेडलवर पाय जेमतेम टेकवून चालवायची वेळ आली की सगळं पालटतं. गाडी मान हलवायला लागते. एक गचका, दोन फेरे ठीक, पुन्हा गचका. चालवणारा नकळत क्लच दाबतो, नाहीतर जरा जास्त रेस देऊन त्या पट्ट्यातून सुटका करून घेतो. रस्त्यावरच्या गाडीचा बहुतेक वेळ याच पट्ट्यात जातो. ट्यूनिंगचा बहुतेक वेळ मात्र डायनोवर (ताकद मोजण्याच्या यंत्रावर), पूर्ण थ्रॉटलला, वरच्या टोकाला खर्च होतो. मोठ्या ताकदीची रोटरी गाडी खाली मऊ चालू शकते, तिला तसं चालवता येतं, आणि ते करण्यासारखं काम आहे, एवढ्यासाठी हा लेख.

डोळ्यांसमोर आहे माझदाचं दोन रोटरचं टर्बो १३बी, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ मधलं. एका कप्प्याचं आकारमान ६५४ सीसी, दोन रोटर धरून १३०८. रोटर शाफ्टच्या एक तृतीयांश वेगाने फिरतो आणि त्याला तीन बाजू आहेत, म्हणून शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक रोटरकडून एक धक्का मिळतो. इनटेकचे पोर्ट बाजूच्या लोखंडी प्लेटांत आहेत, एक्झॉस्टचा पोर्ट मात्र थेट हाउसिंगच्या (रोटरभोवतीच्या कवचाच्या) परिघात कापलेला. रोटरच्या टोकाचं एपेक्स सील त्याच्यावरून पुढे सरकेपर्यंत तो बंद होत नाही. मूळ टर्बो इंजिनात एक्झॉस्ट टीडीसीनंतर (कप्पा सर्वात लहान होतो त्या जागेनंतर) ४८ अंशांना बंद होतो आणि सेकंडरी इनटेक (दोन पोर्टांपैकी मोठा) ३२ अंशांना उघडायला लागतो. मधले १६ अंश दोन्ही दारं एकाच वेळी उघडी, हाच ओव्हरलॅप. आयडलला मॅनिफोल्डमधला दाब ४५ केपीएच्या (किलोपास्कल; वातावरणाचा दाब सुमारे १००) आसपास, एक्झॉस्टमधला वातावरणाहून थोडा जास्त. दार उघडं असेल तर गॅस कुठून कुठे जाईल हे सांगायला नको. जळलेला गॅस मागे फिरतो आणि पुढच्या घोटात मिसळतो.

पोर्टिंग करताना इनटेक लवकर उघडला, एक्झॉस्ट उशिरा मिटला, की हे अंश वाढतात. ब्रिज पोर्टमध्ये तर मूळ पोर्टच्या वर एक भुवईसारखी फट कापतात, ती टीडीसीच्या बरीच आधी उघडते. वर हवा भरभरून येते, खाली मात्र कप्प्यात ताजं मिश्रण कमी आणि राख झालेला गॅस जास्त. त्यात रोटरीचा ज्वलनकक्ष लांबट, पसरट, चपटा. ज्योतीला वाट लांब पडते. मिश्रण पेटत नाही, किंवा पेटतं आणि मध्येच विझतं. न जळलेलं मिश्रण बाहेर जातं, आणि त्यातलंच थोडं पुढच्या फेऱ्यासाठी मागे राहतं. आता पुढच्या फेऱ्यात जळका गॅस कमी आणि ताजं मिश्रण जास्त, म्हणून तो जोरात पेटतो. त्याच्या मागे पुन्हा भरपूर जळका गॅस, पुन्हा मिसिंग. ब्रिज पोर्टचा तो ओळखीचा थबकत वाजणारा आयडल याच चक्रातून येतो. आयडलला तो कानाला गोड वाटतो. गिअरमध्ये, क्लच सुटलेला असताना, तेच चक्र गाडीभर गचके होऊन पसरतं.

म्हणून खालच्या पट्ट्यातलं सगळं काम एका प्रश्नाभोवती फिरतं: प्रत्येक फेऱ्याला ठिणगी पडल्यावर आग लागते का? पेट्रोल किती हा प्रश्न त्याच्यानंतरचा. हा क्रम उलटा झाला की महिने वाया जातात, आणि क्रम उलटा होण्याचं नेहमीचं कारण वाइडबँड सेन्सर, म्हणजे एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणारा. मिसफायर झालेल्या फेऱ्यातला ऑक्सिजन जसाच्या तसा एक्झॉस्टमधून जातो. सेन्सरला फक्त ऑक्सिजन कळतो, तो आकडा लीन, म्हणजे पेट्रोल कमी, दाखवतो. ट्यूनर पेट्रोल वाढवतो, प्लग ओले होतात, मिसिंग वाढतं, सेन्सर आणखी लीन दाखवतो. अशा नकाशात (ईसीयू म्हणजे इंजिनाच्या संगणकातल्या पेट्रोल-टायमिंगच्या तक्त्यात) आयडलला १३.५ एएफआर (हवा आणि पेट्रोलचं प्रमाण) दिसतं आणि टेलपाइपवर उभं राहिलं की डोळ्यांतून पाणी येतं. डोळे चुरचुरत असताना पडद्यावर लीन दिसत असेल तर नाकावर विश्वास ठेवावा. अशा वेळी सेन्सर बघून पेट्रोल आपोआप बदलणारं ऑटोट्यून किंवा लॅम्डा करेक्शन दीड हजार आरपीएमच्या खाली बंद ठेवणं हेच शहाणपण. ते या पट्ट्यात चुकीच्या दिशेनेच ओढतं.

खालच्या पट्ट्यात भरवसा ठेवावा तो मॅनिफोल्डच्या दाबावर. इंजिन पूर्ण गरम, थ्रॉटलचा स्टॉप आणि आयडल व्हॉल्व्ह एका जागी स्थिर, टायमिंगही (ठिणगीची वेळ) स्थिर. आता पेट्रोल ३ टक्क्यांच्या पावलांनी कमी करत जायचं, प्रत्येक पावलाला २०-३० सेकंद थांबायचं. ज्या जागी आरपीएम सर्वात जास्त आणि दाब सर्वात कमी, आणि काटा सर्वात कमी थरथरतो, ती त्या इंजिनाची जागा. स्ट्रीट पोर्टला (रस्त्यासाठीच्या सौम्य पोर्टिंगला) ती बहुधा १३ ते १३.५ एएफआरच्या आसपास सापडते, ब्रिज पोर्टला १२ ते १२.५. आकडा काहीही निघाला तरी निर्णय दाबाचा आणि स्थिरतेचा.

पण लॅपटॉप उघडण्याआधी इंजिन निरोगी आहे का, हे बघावं लागतं. रोटरीचं कॉम्प्रेशन साध्या गेजने नीट कळत नाही, कारण गेज तीनपैकी सर्वात चांगल्या बाजूचा आकडा धरून ठेवतं. तिन्ही बाजूंचे वेगळे आकडे देणारा रोटरीचा टेस्टर हवा, आणि आकडे २५० आरपीएमच्या क्रँकिंगला रूपांतरित करून वाचायचे. एका रोटरच्या तीन बाजूंत (चौरस सेंटिमीटरला) दीड किलोपेक्षा जास्त फरक असेल तर खालच्या पट्ट्यात ते इंजिन कधीच एकसारखं चालणार नाही. तीन फेऱ्यांत एक अशक्त धक्का येतच राहील. त्यावर नकाशा नाही, इंजिन उघडणं आहे.

मग हवेची गळती. स्मोक टेस्ट करावी, आणि त्यानंतर इनटेकला अर्धा बार दाब देऊन साबणाच्या पाण्याने सांधे बघावेत. व्हॅक्यूमला न दिसणारी गळती दाबाला दिसते आणि उलटही घडतं. तिसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ मध्ये इनटेकखाली व्हॅक्यूमच्या नळ्यांचं जे जाळं असतं त्यातल्या कडक झालेल्या नळ्या, लोअर मॅनिफोल्डचं गॅस्केट, थ्रॉटलच्या दांड्याची बेअरिंग आणि प्रायमरी इंजेक्टरखालची एअर ब्लीडची जागा, हे चार ठिकाणचे गुन्हेगार. ही एअर ब्लीड अनेकजण 'फालतू भानगड' म्हणून काढून टाकतात. वास्तविक तिथून येणारी बारीक हवा आयडलला पेट्रोल फोडून त्याचं धुकं करते. ओ-रिंग बदलून ती ठेवता येत असेल तर ठेवावी.

आता ठिणगी. जळक्या गॅसने भरलेल्या कप्प्यात आग लावायला वरच्या पट्ट्यापेक्षा वेगळी ताकद लागते. बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो दाब देत असताना, कॉइलला दाबाशी झगडावं लागतं. आयडलला ठिणगी लांब टिकावी लागते. मूळ गाडीत प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात: आधी पेटणाऱ्या लीडिंगला बीयूआर७ईक्यू आणि मागाहून पेटणाऱ्या ट्रेलिंगला बीयूआर९ईक्यू. जास्त बूस्टसाठी थंड (उष्णता लवकर सोडणारा) प्लग लावणं बरोबर आहे, पण चारही जागी ११ नंबरचे रेसिंग प्लग लावून गर्दीत गाडी चालवली की पंधरा मिनिटांत लीडिंगवर काजळी बसते. जितका बूस्ट खरोखर वापरला जातो तितकाच थंड प्लग, त्याहून थंड नको. टू-स्ट्रोक तेल पेट्रोलमध्ये मिसळत असाल तर लिटरला ५ ते १० मिलीपर्यंत ठीक. त्यापुढे सीलना विशेष काही मिळत नाही आणि प्लगचं आयुष्य घटतं. कॉइल ताकदीच्या घ्याव्यात, पण ड्वेलचं (कॉइल चार्ज होण्याच्या वेळेचं) टेबल बॅटरीच्या व्होल्टेजप्रमाणे भरलेलं असावं. रेडिएटरचे पंखे सुरू झाले की आयडलला व्होल्टेज १३.८ वरून १२.३ वर येतो, ठिणगी अशक्त होते, इंजेक्टर उशिरा उघडतो, आणि 'पंखा लागला की गाडी बंद पडते' ही तक्रार तयार होते. शाफ्टवर लहान पुली लावून अल्टरनेटर हळू फिरवणाऱ्यांना हे हमखास भेटतं.

ट्रिगरची (शाफ्टची जागा ईसीयूला सांगणाऱ्या सिग्नलची) खात्री स्ट्रोबने (ठिणगीबरोबर चमकणाऱ्या दिव्याने) करावी. १३बीच्या पुढच्या पुलीवर लीडिंगची खूण टीडीसीनंतर ५ अंशांना आणि ट्रेलिंगची २० अंशांना असते. ईसीयूमध्ये टायमिंग टीडीसीनंतर ५ ला कुलूपबंद करायचं आणि खूण जुळते का बघायचं, आयडलला आणि तीन हजारांना दोन्हीकडे. खूण एका जागी उभी राहिली पाहिजे. दुसऱ्या पिढीच्या गाडीत क्रँक अँगल सेन्सर गिअरवर चालतो, त्या दात्यांमध्ये मोकळीक आली की खूण दोन-तीन अंश नाचते, आणि ती नाचेल तेवढा धक्काही कमी-जास्त होतो. पुलीवर दात्यांचं चाक लावून सेन्सर थेट शाफ्टवर आणला की हा नाच संपतो.

इंजेक्टरचा विषय जरा सविस्तर, कारण मोठी ताकद मागताना खालचा पट्टा सर्वात जास्त इथे बिघडतो. हिशोब साधा आहे. ९०० आरपीएमला, ४५ केपीए दाबाला, एका कप्प्यात जेमतेम पाव ग्रॅम हवा जाते. १३ एएफआर धरला तर पेट्रोल सुमारे १९ मिलिग्रॅम, म्हणजे पंचवीसेक मायक्रोलिटर. मूळ ५५० सीसीच्या (मिनिटाला ५५० सीसी देणाऱ्या) प्रायमरी इंजेक्टरला यासाठी पावणेतीन मिलिसेकंद लागतात. १००० सीसीच्या इंजेक्टरला दीड. २००० सीसीचा इंजेक्टर पाऊण मिलिसेकंदात काम उरकतो. हे सगळे आकडे इंजेक्टर उघडायला लागणारा वेळ वगळून आहेत, आणि तो उघडण्याचा वेळच एक मिलिसेकंदाच्या घरात असतो. म्हणजे २००० सीसीच्या बाबतीत उघडण्याचा वेळ पेट्रोल देण्याच्या वेळेपेक्षा जास्त. उघडण्याच्या वेळेत दशांश मिलिसेकंदाची चूक राहिली तर ५५० सीसीला पेट्रोल साडेतीन टक्क्यांनी चुकतं, २००० सीसीला तेरा टक्क्यांनी. शिवाय एवढ्या छोट्या पल्सला बरेच इंजेक्टर सरळ रेषेत वागत नाहीत, आणि दोन इंजेक्टरही एकसारखे वागत नाहीत. एक रोटर रिच, दुसरा लीन, एक्झॉस्टमध्ये सरासरी मात्र छान.

म्हणून प्रायमरी लहान आणि चांगले, सेकंडरी मोठे, ही विभागणी सोडू नये. प्रायमरीला १००० सीसीच्या आसपासचे, कमी पल्सला विश्वासार्ह असलेले इंजेक्टर पुरतात. वरची सगळी भूक सेकंडरीवर टाकावी. उत्पादकाने दिलेलं डेड टाइमचं (त्या उघडण्याच्या वेळेचं) टेबल तुमच्या फ्युएल प्रेशरचंच आहे ना, हे तपासावं; ३ बारचं टेबल ४ बारला चालत नाही. आणि खात्रीसाठी एक सोपी चाचणी: आयडलला इंजिन स्थिर असताना फ्युएल प्रेशर अर्धा बार वाढवायचा आणि ईसीयूला नवा आकडा द्यायचा. मिश्रण जागेवर राहिलं तर इंजेक्टरची माहिती बरोबर. सरकलं तर डेड टाइम किंवा छोट्या पल्सचं टेबल चुकीचं आहे आणि फ्युएलच्या नकाशात ती चूक लपवली गेली आहे.

सेकंडरी कधी जागे होतात हेही तितकंच महत्त्वाचं. दुसऱ्या पिढीच्या टर्बो आरएक्स-७ ची ३८०० आरपीएमची अडखळ रोटरीवाल्यांत प्रसिद्ध आहे. ती नेमकी या हस्तांतराच्या जागी येते. सेकंडरी इंजेक्टर पोर्टपासून लांब, कोरड्या रनरमध्ये (पोर्टकडे जाणाऱ्या नळीत) बसलेले असतात. पहिले काही पल्स भिंती ओल्या करण्यात जातात आणि तेवढा वेळ इंजिन उपाशी राहतं. हस्तांतर अशा जागी ठेवावं जिथून गाडी क्वचित आणि झटकन जाते, म्हणजे क्रूझच्या दाबाच्या वर आणि बूस्ट चढण्याच्या जरा आधी. परत येताना ५ ते ८ केपीएचा फरक ठेवावा, म्हणजे चढावर एकाच जागी ते सुरू-बंद होत राहणार नाहीत. सेकंडरीचा सर्वात लहान पल्स त्याच्या सरळ रेषेच्या भागातला असावा, आणि पहिल्या पाच-दहा फेऱ्यांना थोडं जास्त पेट्रोल द्यावं.

इंजेक्शनचा कोन, म्हणजे शाफ्टच्या कोणत्या अंशाला पेट्रोल सोडायचं, बहुतेक नकाशांत कुणीतरी एकदा भरलेला आकडा म्हणून पडून असतो. आयडलला आणि दोन हजारांना तो ३० अंशांच्या पावलांनी फिरवून बघावा. काही कोनांत इंजिन त्याच पेट्रोलात शांत होतं, काहींत डुगडुगतं. एक्झॉस्ट मिटण्याआधी पडलेलं पेट्रोल थेट बाहेर जाऊ शकतं, हे त्याचं एक कारण. अर्ध्या तासाचं फुकट काम आहे, आणि मोठ्या पोर्टवर फरक जाणवतो.

हवेकडे वळू. मूळ थ्रॉटल बॉडीत तीन झडपा असतात. लहान प्रायमरी आधी उघडते, दोन मोठ्या नंतर. प्रायमरी रनर मधल्या प्लेटच्या लहान पोर्टकडे जातात. पेडल थोडं दाबलं की सगळी हवा त्या अरुंद वाटेने वेगात जाते आणि पेट्रोल बरोबर ओढून नेते. खालच्या पट्ट्यासाठी ही फार विचारपूर्वक केलेली रचना आहे. मोठा प्लेनम (हवा वाटणारी पेटी) आणि ९० मिमीची एकच झडप लावली की ती जाते. या झडपेचं पूर्ण क्षेत्र ६४ चौरस सेंटिमीटर. दीड हजार आरपीएमला इंजिन सेकंदाला जास्तीत जास्त ३३ लिटर हवा घेऊ शकतं. तेवढ्याला पाच-सहा चौरस सेंटिमीटरची फट पुरते. म्हणजे पेडलच्या पहिल्या जरा हालचालीतच त्या वेगाला मिळेल तेवढा सगळा टॉर्क मिळून जातो, उरलेल्या पेडलला खाली काही अर्थच नाही. पाय एक मिलिमीटर थरथरला तरी गाडी उसळते. उसळली की पाय आणखी थरथरतो. मूळ थ्रॉटल बॉडी ४०० अश्वशक्तीच्या आसपासपर्यंत सहज चालते, ती ठेवावी. मोठी लावायचीच असेल तर केबलचं चाक सुरुवातीला हळू उघडणाऱ्या आकाराचं घ्यावं, किंवा इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल लावून पेडलचा नकाशा आरपीएमप्रमाणे द्यावा: पंधराशेला ३० टक्के पेडलला झडप ५-६ टक्के, चार हजारांना तेच पेडल वीसेक टक्के.

पोर्टिंग अजून व्हायचं असेल तर एकच सांगणं: प्रायमरी पोर्टची उघडण्याची कड हलवू नका. सेकंडरीची मिटण्याची कड उंचवा, आकार सुधारा, रनर जुळवा. टर्बो इंजिनाला हवा ढकलायला टर्बो आहे. ओव्हरलॅप वाढवून मिळणारी वरची थोडी ताकद बूस्टने भरून निघते, खालचं नुकसान कशानेच भरून निघत नाही.

दाबाच्या सिग्नलचं थोडक्यात. नळी दोन्ही रोटरना सामाईक असलेल्या प्लेनममधून, आखूड आणि कडक. सिग्नल नाचत असेल तर एक मिलिमीटर छिद्राची अडथळा-नळी घालावी. सॉफ्टवेअरचा फिल्टर फार घट्ट केला तर पेडल दाबल्यावर ईसीयूला बातमी उशिरा कळते. ब्रिज पोर्टला मात्र दाबाचा आधारच कमकुवत. आयडललाच ६०-७० केपीए असतो आणि झडप थोडी उघडताच तो नव्वदच्या पुढे जातो. तिथे बूस्टच्या खालचं पेट्रोल थ्रॉटलच्या कोनावर आणि बूस्टमधलं दाबावर ठरवणं जास्त स्थिर पडतं. नकाशाच्या ओळी खाली दाट हव्यात: अडीच हजारांपर्यंत दर २५० आरपीएमला एक, आणि ७० केपीएपर्यंत दर ५ केपीएला एक. वरच्या टोकाला हजार-हजारच्या ओळी पुरतात.

टायमिंगमध्ये दोन वेगळ्या गोष्टी सांभाळायच्या असतात, आग लागणं आणि टॉर्कचा उतार. मूळ आयडल टायमिंग टीडीसीनंतर ५, ट्रेलिंग त्याच्या १५ अंश मागे. मोठ्या पोर्टला ज्योत हळू जाते, म्हणून तिला लवकर सुरुवात द्यावी लागते. -५, ०, +५, +१० (उणे म्हणजे टीडीसीनंतर, अधिक म्हणजे टीडीसीआधी) असं पुढे जात दाब कुठे उतरायचा थांबतो ते बघायचं, आणि तिथून चार-पाच अंश मागे यायचं. ही चार-पाच अंशांची शिल्लक आयडल सांभाळायला लागते: आरपीएम ठरलेल्यापेक्षा १०० ने खाली गेला की टायमिंग ५ अंश पुढे, १०० ने वर गेला की ५ मागे. आयडल व्हॉल्व्हची हवा प्लेनम पार करून पोहोचेपर्यंत इंजिन बंद पडलेलं असतं. ठिणगी पुढच्याच फेऱ्याला काम करते. आयडलचं ध्येयही वास्तव ठेवावं. मूळ इंजिनाचे सातशे-साडेसातशे विसरून स्ट्रीट पोर्टला ८५० ते १०००, ब्रिजला ११०० ते १४००.

क्रूझला, म्हणजे १८०० ते ३००० आणि ५० ते ७० केपीए, लीडिंग २२ ते २८ अंश आणि ट्रेलिंग दहाएक अंश मागे, इथून सुरुवात करावी. अडचण येते ती आयडल आणि क्रूझच्या मधल्या चढावर. हजारला ५ आणि पंधराशेला २५ असा कडा उभा असेल तर आरपीएम जरा वाढला की टायमिंग वाढतं, टॉर्क वाढतो, आरपीएम आणखी वाढतो. गाडी स्वतःच्या नकाशावर झोके घेते. शेजारच्या दोन घरांत तीन-चार अंशांपेक्षा जास्त फरक नको. दुसरी जागा अगदी कमी दाबाची, २५ ते ४० केपीए. बऱ्याच नकाशांत इथे सर्वात जास्त, पस्तीस-चाळीस अंश भरलेले असतात. पाय काढताना-ठेवताना गाडी याच घरांतून ये-जा करते, आणि पेटलेला प्रत्येक फेरा तिथे ठोसा मारतो. ती घरं १० ते १५ वर आणली की पेटणं-न पेटणं यातलं अंतरच कमी होतं आणि गचका बोथट होतो. बूस्टच्या घरांना मात्र हे काम करताना हात लावू नये. कमी आरपीएमला, उंच गिअरमध्ये, पूर्ण दाबाखाली जास्त टायमिंग म्हणजे डिटोनेशन (मिश्रणाचा अनियंत्रित स्फोट), आणि रोटरीत डिटोनेशनची पहिली शिक्षा एपेक्स सीलला होते.

पाय पूर्ण काढल्यावर जे होतं ते खालच्या पट्ट्यातलं सर्वात अवघड प्रकरण. झडप बंद, आरपीएम तीन हजार, कप्प्यात ताजी हवा नावापुरती. आग लागणं जवळपास अशक्य, तरी पेट्रोल चालू. म्हणून फटाके, काजळी आणि गचके. दोन मार्ग आहेत आणि त्यातला एकच धरावा. पहिला, पेट्रोल पूर्ण तोडणं: झडप बंद झाल्यावर अर्धा सेकंद थांबून, दोन हजारांच्या वर असेल तरच, परत देणं सोळाशेच्या आसपास. परत देताना टायमिंग दहा अंश मागे ठेवून अर्ध्या सेकंदात हळूहळू पूर्ववत आणायचं, आणि पहिल्या काही फेऱ्यांना भिंती ओल्या करण्यापुरतं जास्त पेट्रोल. दुसरा, आग विझू न देणं: डॅशपॉट (झडप हळू मिटू देणारा) किंवा आयडल व्हॉल्व्ह थोडा उघडा ठेवून दाब तीसच्या खाली न जाऊ देणं. इंजिन ब्रेकिंग कमी होतं, पण ब्रिज पोर्टला हाच मार्ग जास्त मानवतो. आणि आयडलचं क्लोज्ड लूप (ठरलेला आरपीएम आपोआप धरणारं) गाडी चालू असताना बंद असायला हवं, ताशी पाच किलोमीटरच्या वर. नाहीतर गर्दीत रांगताना ते चालवणाऱ्याशी भांडत बसतं, हिशोब साठवतं, आणि गाडी थांबताना तो हिशोब एकदम चुकता करून इंजिन बंद पाडतं.

पेडल दाबतानाच्या जादा पेट्रोलला सर्वात शेवटी हात लावावा, स्थिर नकाशा पक्का झाल्यावर. तिसरा गिअर, दीड हजार, थ्रॉटल ५ वरून १५ टक्के अर्ध्या सेकंदात, सेकंदाला ५० नोंदींचा लॉग. कमी प्रवाहाला एक्झॉस्टमधला गॅस सेन्सरपर्यंत पोहोचायला पाव सेकंदाच्या आसपास लागतो, तेवढी रेषा मागे सरकवून वाचायची. सुरुवातीलाच लीनचा सुळका असेल तर पहिला घोट कमी. सुळका उशिरा असेल तर घोट पुरेसा पण लवकर आटतोय.

सांध्यांकडे दुर्लक्ष करून चालत नाही. जीर्ण इंजिन माउंट, डिफरन्शियलचे मऊ झालेले बुश, हलकं अ‍ॅल्युमिनियम फ्लायव्हील आणि सिरॅमिकच्या तुकड्यांचा क्लच, हे चौघे एकत्र आले की नकाशातला दोन टक्क्यांचा दोष सीटपर्यंत दहापट होऊन येतो. रस्त्यावरच्या गाडीला मूळ वजनाच्या जवळपासचं फ्लायव्हील आणि ऑरगॅनिक क्लच प्लेट बरी. टर्बोचंही तसंच: टर्बाइन आणि एक्झॉस्ट जेवढे अडवतील तेवढा मागे फिरणारा गॅस जास्त, म्हणून बूस्ट लवकर यावा म्हणून फार लहान टर्बाइन हाउसिंग घेण्याची किंमत आयडललाही मोजावी लागते. दोन रोटरचे धक्के १८० अंशांवर येतात, त्यामुळे दुभागलेला मॅनिफोल्ड आणि दुभागलेलं हाउसिंग या इंजिनाला चांगलं जुळतं; थोडं मोठं हाउसिंग घेऊनही प्रतिसाद टिकतो.

नवीन बांधलेल्या इंजिनावर हे सगळं केलं असेल तर आणखी एक फेरी राखून ठेवावी. पहिल्या दोनेक हजार किलोमीटरमध्ये सील हाउसिंगवर बसत जातात, कॉम्प्रेशन वाढतं, आयडलचा दाब काही केपीएने उतरतो आणि इंजिन नकाशाच्या शेजारच्या घरात राहायला जातं. त्या घरात काय लिहिलंय ते तेव्हा पुन्हा, पूर्ण गरम इंजिनावर, ३ टक्क्यांच्या पावलांनी बघायचं.